पाठीवरची माती

कोंडाजी पैलवान माझे आबा. “आमच्या घरात कुनाच्या पाठीला माती लागली नाय,” ते साऱ्या कडाव गावाला ऐकवत. त्यांच्याकडून मी कुस्ती शिकले आणि भिवपुरीच्या कॉलनीत ज्युदो. कशेळ्याच्या जत्रेत माझा ज्युदोचा सामना कुस्तीच्या हौद्यातच ठेवला. समोरची ठाण्याची मुलगी जड होती. आबांनी शिकवलेल्या डावांना बधेना. मग तिचा हात धरून मी आपणहूनच उताणी पडले. “चीत झाली!” लोक ओरडले. आबांनी मान खाली घातली. ज्युदोत आपणहून पडल्याने हार होत नाही. तिचा हात मांड्यांत आवळून मी कोपरातून ताणला. तिने मातीवर थापा मारून हार मानली. घरी आई ज्युदोचा पांढरा डगला धुवायला निघाली. पाठभर तांबडी माती होती. आबांनी तो हिसकावून आपण जिंकलेल्या गदेशेजारी टांगला, पाठ दाराकडे करून. “पानी लावायचं नाय. सारं कडाव बघून जाऊ दे.”