कारखान्यासमोरची तेजी

चिप बनवायच्या यंत्रांच्या कारखान्यासमोर कुलथे टपरीवर ठाण मांडून बसला होता. ट्रकमागून ट्रक बाहेर पडताना बघून त्याने, त्याला तिथे पाळतीवर बसवणाऱ्या ब्रोकरसाहेबांना फोन लावला. "साहेब, डोळे झाकून शेअर घ्या. माल धडाधड निघतोय, ऑर्डरी तुंबल्या असणार!"

दुपारी कँटीनची टेबलं निघाली. नवी, मोठी येणार असतील, असं कुलथेने मनाला समजावलं. मग रिसेप्शनमधला गणपती निघाला. शेवटच्या ट्रकमध्ये कंपनीची पाटीच आडवी पडली होती. वॉचमनने गेटला कुलूप ठोकलं, आपली खुर्ची त्याच ट्रकवर चढवली आणि तिच्यावर बसून तोही निघाला.

फोन वाजला. "निघतोय ना अजून माल?"

"नाही साहेब." कुलथेने गेटच्या कुलपाकडे बघितलं. "आत आता काहीच उरलं नाही."

"शाब्बास! सगळा खपला! थांब, सासूबाईंच्या नावावरही घेतो."