आपोआप पडलेला गिअर

रविकांत वकिलांच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा गिअर दुरुस्त करायला पंजाबराव मिस्त्री त्यांच्या अकोल्याच्या बंगल्यावर आला. वकीलसाहेब कोर्टात गेले होते. पोर्चमध्ये व्हीलचेअरवर त्यांची बायको प्रमोदिनी बसली होती.

पंजाबरावनं गाडीखाली शिरून पाहिलं. गिअरच्या दांड्याच्या जोडातला बुश पार झिजला होता. मग सीटवर बसून त्यानं एकेक गिअर टाकून पाहिला.

"नवा बुश टाकून देतो, ताई. मंग पाहा, मख्खन चालते."

"टाका. असं पुन्हा व्हायला नको, म्हणून साहेबांनीच तुम्हाला बोलावलंय. त्या दिवशी ते पहिला टाकायला गेले आणि आपोआप रिव्हर्स पडला. मी मागे भिंतीपाशी कुंड्यांना पाणी घालत होते."

दांड्यावरचा हात न काढताच पंजाबराव हसला. "आपोआप? अवो ताई, बुश इतका झिजला का रिव्हर्स लागतच नाही. मले आत्ताच दोन्ही हातानं दाबून वढा लागला, तवा कुठी लागला."

बोलता बोलता त्याची नजर व्हीलचेअरकडे गेली आणि त्याचं हसू तिथंच थांबलं. प्रमोदिनी त्याच्या दोन्ही हातांकडे बघत होती.

तो खाली उतरला आणि पिशवीतून नवा बुश काढून गाडीखाली शिरायला वाकला.

"राहू द्या, पंजाबराव," ती म्हणाली. "नवा नका टाकू. टाकला तर पुढच्या वेळी त्यांना सोपं जाईल."