बिनभोकाची बटणं

“ही कसली बटणं आणलीस? यांना भोकंच नाहीत.”

आईनं तळहात पुढे केला. शर्टाच्या बटणांच्या डब्यातून निघालेल्या सात-आठ पांढऱ्या, बारीक गोळ्या तिच्या हातावर होत्या.

शिलाई मशीनवरचा मुलीचा पाय थांबला. सातवा महिना लागला होता, पोट फळीला टेकत होतं, म्हणून तर आई आठवड्यापूर्वी दुकानात मदतीला आली होती. मुलीनं शिवायचं, आईनं काज-बटणं करायची, असं ठरलं होतं. नवरा रोज सकाळी गोळ्यांचं पाकीट तपासायचा. म्हणून मुलगी गोळी काढायची आणि गुपचूप या डब्यात टाकायची. बघणाऱ्याला जन्मात पत्ता लागला नसता. पण आई बटणं बघून घेत नाही, चाचपून घेते, हे ती साफ विसरली होती.

“किती दिवस झाले?”

“तीन आठवडे.”

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मनाच्या आजारावरच्या या गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, शंका आली तर आधी मला विचारा. पण शेजारीण म्हणाली, बाळाला बाधतात. आणि मुलीच्या मनानं तेच धरलं. तेव्हापासून झोप पळाली होती. दोन शर्टांना तिनं उलट्या बाह्या लावल्या. एकदा कात्री सापडेना म्हणून तासभर रडली, आणि कात्री गळ्यातल्या दोरीलाच होती. एरवी दोघी यावर पोट धरून हसल्या असत्या. काल बाळ हललं, तेव्हा तिला आनंद झाला नाही. काहीच झालं नाही.

आईनं गोळ्या कागदात गुंडाळल्या. मोबाइल उचलून मुलीपुढे धरला.

“डॉक्टरीणबाईंना फोन लाव. आत्ताच्या आत्ता.”

“अगं, राहू दे.”

मुलगी आईला ‘अगं’च म्हणायची. लहानपणापासून तेवढ्यावरच भागवत आली होती. तिला वाढवलं मावशीनं. वेणी मावशीनं घातली, ताप आला तर उशाशी मावशी बसली. आई त्याच घरात, पलीकडच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मुलगी दारात उभी राहून तिची पाठ बघायची. आता वळेल, मग वळेल. आई वळली नाही. मुलीचं ते वाट बघणं अजून संपलं नव्हतं. दुकानात आई शेजारी बसली तरी ती चोरून तिच्या पाठीकडेच बघायची.

“फोन लाव म्हटलं ना.”

“नाही लावणार!” मुलीचा आवाज फुटला. “मला चांगली आई व्हायचंय. तुझ्यासारखी नाही.”

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. आई उठली. तिनं आपल्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. रोज सकाळी चहाआधी ती त्यातली एक गोळी घ्यायची. रक्तदाबाची, असं सगळ्या घराला ठाऊक होतं. तिनं ते मशीनच्या फळीवर ठेवलं. मुलीनं वरचं नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिच्याच गोळ्यांचं नाव होतं.

“तू पोटात होतीस तेव्हा बंद केल्या होत्या,” आई म्हणाली. “कुणाला न विचारता. मलाही चांगली आई व्हायचं होतं.”

मुलीनं पाकिटावरची नजर उचलून आईकडे बघितलं.

“तू दारात उभी असायचीस ना, मला कळायचं. पण वळायचं बळच नव्हतं गं. चार वर्षांनी पुन्हा सुरू केल्या, उठून बसले, तुला हाक मारली. तोवर तू मावशीला आई म्हणायला लागली होतीस.”

पोटात बाळ हललं. मुलीनं एक हात तिथे ठेवला आणि दुसरा पुढे केला.

“आई,” ती म्हणाली, “फोन दे.”