सावकाशबाई

“सावकाश, आई. सावकाश,” म्हणत लेकीने आईच्या काखेत हात घातला. आई अर्धी उठली, लटपटली आणि बदकन परत खुर्चीत बसली. झालं! कित्येक महिन्यांचा तोच पाढा. लेकीच्या पाठीतून कळ निघाली. दाराशी आईची बॅग भरून ठेवलेली होती.

संध्याकाळी भाऊ येणार होता, आईला वृद्धाश्रमात न्यायला. वाईट कोणीच नव्हतं. लेक दिवसभर कामावर, भाऊ परगावी. आईला आपलं आपण खुर्चीतून उठता आलं असतं तर दिवसभर घरी एकटं ठेवता आलं असतं. पण खुब्याचं हाड मोडल्यापासून ती कुणाच्या हाताशिवाय उठलीच नव्हती. “हाड छान जुळलंय, पायांत ताकदही आहे,” डॉक्टर म्हणायचे. “मग अडतंय कुठे, तेच कळत नाही.”

आता गंमत बघा, या लेकीचा धंदाच मुळी माणसांना उठवायचा! व्यायामशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती बैठकांवर संशोधन करायची. खांद्यावर वजन घेतलेली पोरं, त्यांचे दोन गट. एक गट जपून खाली जाणार, जपून वर येणार. दुसरा खाली जाऊन उसळी मारून उठणार. जपून उठणारे हिच्याकडे. दिवसभर “सावकाश, सावकाश” ऐकून पोरांनी तिचं नावच सावकाशबाई पाडलं होतं. उसळीवाल्यांचे मास्तर “ऊठ!” म्हणून असे गरजायचे की खिडकीची तावदानं थरथरायची. त्यांना पोरं उडवाउडवी मास्तर म्हणत. एवढं सगळं तिथे, आणि घरी आई खुर्चीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्याच दुपारी प्रयोगाचा निकाल हाती आला होता. वजन पेलण्यात दोन्ही गट तोडीस तोड. झटक्यात उठण्यात मात्र मास्तरांच्या पोरांनी बाजी मारली होती.

“ताकद तुमच्या पोरांतही तेवढीच आहे हो, बाई,” मास्तर म्हणाले. “ती एकदम बाहेर काढायची सवय नाही त्यांना, इतकंच.”

ते काही टोमणा मारत नव्हते, तरी तिला लागलं. वाद घालायचं त्राणही अंगात नव्हतं. पिशवी उचलून ती घरी आली, ती थेट आईच्या खुर्चीपाशी.

फोन वाजला. भाऊ होता. “कोपऱ्यावर आलोय गं. आईला तयार ठेव.”

“चल आई,” लेक म्हणाली. “दारापर्यंत तरी चालत जाऊ.”

आईने खुर्चीचे हात धरले आणि रोजच्यासारखं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. लेक वाकली, आणि पाठीत अशी उसण भरली की हात पुढे जाईना. जीव अगदी मेटाकुटीला आला. आईचा राग आला, भावाचा आला, स्वतःचा तर सगळ्यांत जास्त आला. जळ्ळं ते सावकाश! आणि तिच्या तोंडून चक्क मास्तरांचा आवाज निघाला.

“ऊठ!”

आई उठली.

कशी उठली ते दोघींनाही कळलं नाही. खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली, चष्मा नाकावर घसरला, आणि आई आपल्या दोन पायांवर उभी होती. कुणाचा हात नाही की काठी नाही.

“अगं बाई!” लेकीला हसावं की रडावं कळेना. “मग इतके दिवस का नाही उठलीस?”

“तू सावकाश म्हणायचीस ना,” आई धापा टाकत म्हणाली. “मला वाटायचं, मी पडणार हे तुला दिसतंय.”

इतक्या महिन्यांचा शीण एकदम पाठीत उतरला आणि लेक अर्धी वाकलेलीच राहिली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. आईने चष्मा वर सरकवला, खुर्ची ओढून घेतली आणि लेकीच्या काखेत हात घातला.

“बस आता तू,” ती म्हणाली. “सावकाश.”