झिरपलेला आवाज

बाबा गेल्यावर, दोघांनी मिळून घरी रेकॉर्ड केलेलं रॉक गाणं मिक्स करायचं काम तिच्या एकटीवर आलं. गाणारे बाबा, गिटार तिची. "पत्र्यावर खडे पडल्यासारखी वाजवतेस. मी तिकडे कानच देत नाही," असं ते दर टेकनंतर म्हणायचे.

आज त्यांचा आवाज साफ करायला तिने बाकीचं सगळं बंद करून नुसतं त्यांचं गाणं लावलं. दोन ओळींच्या मध्ये, त्यांच्या हेडफोनमधून माइकमध्ये झिरपलेलं संगीत बारीक ऐकू येत होतं. गाताना कानात काय घ्यायचं, हे बाबा स्वतः ठरवायचे. ड्रम त्यांनी बंद केले होते, बासही. नुसती तिची गिटार होती.

"खोटारडे कुठले," ती म्हणाली.