आत्ता की नंतर

दीप्तीने बटण पुन्हा दाबलं. दिवा लागला, आतला पंखा घरघरला आणि पडदा काळाच राहिला. तिने हळूच इकडेतिकडे पाहिलं आणि काळ्या पडद्याकडे बघत टाइप करायला सुरुवात केली.

दुसरं करणार काय? 'नवीन अपडेट आलं आहे, आत्ता करायचं की नंतर?' अशी चौकट महिनाभर लॅपटॉपवर येत होती आणि दीप्ती इमानेइतबारे 'नंतर' दाबत होती. आज ती चौकट नेमकी ती भरत असलेल्या तक्त्यावर येऊन बसली. तिने वैतागून 'आत्ता' दाबलं. टक्के चढत चढत शंभरावर पोचले, लॅपटॉप बंद झाला आणि परत उठला नाही.

शीतगृह संघाच्या कार्यालयात हा काही साधा अपघात नव्हता. भिंतीवर परिपत्रक लावलेलं होतं. परवानगीशिवाय कोणीही अपडेट करू नये; केल्यास होणाऱ्या परिणामांना तो कर्मचारी स्वतः जबाबदार राहील. खाली मोहरील साहेबांची ठसठशीत सही. आणि दीप्तीला नोकरीत कायम करावं की नाही, हे याच महिन्यात वर कळवायचं होतं तेही मोहरील साहेबांनीच.

नंदनवन वस्तीतल्या घरी आई दार उघडता उघडता रोज एकच प्रश्न विचारायची.

"झाली का वं परमनंट?"

विहारातल्या बायांना तिने पेढे आधीच कबूल करून ठेवले होते.

कार्यालयात सगळ्यांच्या पाठी भिंतीकडे होत्या, त्यामुळे कुणाचा पडदा कुणाला दिसत नसे. ही व्यवस्था ज्याने लावली त्याचे दीप्तीने मनोमन आभार मानले. पहिल्या दिवशी कुणी जवळून गेलं की ती दचकायची. मग दचकणं थांबलं. पुढे पुढे तर काहीच वाटेनासं झालं. यायचं, बसायचं, बटण दाबायचं, टाइप करायचं. तिने त्या अंधारात स्वतःचं नाव लिहिलं, सगळ्या मावश्यांची नावं लिहिली, आईची झुणक्याची कृती लिहिली. डबा खाल्ला. पुन्हा झुणका लिहिला.

मोहरील साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले तेव्हाही तिचं टाइप करणं चालूच राहिलं.

"रामटेके, तापमानाचा तक्ता झाला?"

"मेल करते सर."

"मेल नको." साहेब जरा घाईनेच म्हणाले. "हातानेच लिहून द्या. अक्षर चांगलं आहे तुमचं."

साहेबांनी कुणाची स्तुती केल्याचं त्या कार्यालयात कुणाला आठवत नव्हतं. दीप्तीने नशिबाला हात जोडले आणि हिशेब बघणाऱ्या सिंधूताईंकडे मागचे आकडे मागितले.

"थांब, मले तोंडपाठ आहेत," सिंधूताई म्हणाल्या आणि छताकडे बघत त्यांनी सगळे आकडे सांगितले. दीप्तीने ते वळणदार अक्षरात उतरवले. साहेबांनी तक्ता न वाचता मंजूर केला.

समोर बसणारे देवाजी निवृत्तीला आले होते. एरवी एकेक अक्षर शोधायला चष्मा कपाळावर चढवायचे. आजकाल त्यांची बोटं सटासट चालत होती.

"काहून वं पोरी, चेहरा असा कसा होऊन राहिला तुझा?"

"झोप होत नाही काका. कामच इतकं आहे."

"काम तर हायेच बापा," देवाजी म्हणाले आणि आणखी जोरात टाइप करू लागले.

शनिवारी दीप्तीने ठरवलं. लॅपटॉप बाहेर न्यायला मनाई होती. तिने तो पिशवीच्या तळाशी घातला, वर डबा ठेवला, त्यावर ओढणी कोंबली. गेटवर देवाजी भेटले. त्यांच्या काखेत ब्लँकेटची जाड घडी होती.

"सासुरवाडीले चाललो," ते न विचारताच म्हणाले.

"मी मामीकडे," दीप्तीही न विचारताच म्हणाली.

दुरुस्तीचं दुकान तिने शहराच्या दुसऱ्या टोकाचं, जरीपटक्यातलं निवडलं होतं. कार्यालयातलं कुणी तिकडे राहत नव्हतं, कुणाचं सोयरं-धायरंही तिकडे नव्हतं. रविवारी तिकडे आपल्याला ओळखणारं माणूस सापडणं शक्य नाही, असा तिचा हिशेब होता. दुकानदार सुशील फोनवर म्हणाला होता, "या मॅडम, पण टाइम लागेल. आजकाल या एकाच टाइपच्या केस येऊन राहिल्या."

रविवारी रिक्षात पिशवी पोटाशी धरून तिने मनाशी पक्कं केलं. लॅपटॉप सुरू झाला तर सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन टेबलावर ठेवायचा. नाही झाला तर सरळ साहेबांसमोर उभं राहायचं, 'मीच दाबलं' म्हणायचं आणि घरी येऊन आईला पेढ्यांचं विसर म्हणून सांगायचं. दोन्हींपैकी काय व्हावं, हेही तिला आता धड वाटत नव्हतं.

दुकान बोळाच्या टोकाला, जिन्याने वर होतं. तिने ओढणी डोक्यावरून पुढे ओढली आणि काचेचं दार ढकललं.

भिंतीलगतच्या बाकावर सिंधूताई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी देवाजी. दोघांनीही एकाच वेळी जमिनीकडे पाहिलं. काउंटरच्या अगदी जवळ बसलेल्या माणसाने मांडीवरचा लॅपटॉप छातीशी धरला, थोडं सरकून तिच्यासाठी जागा केली आणि भिंतीकडे बघत मोहरील साहेब म्हणाले,

"बसा, रामटेके. तुमचा नंबर देवाजींच्या मागे."