बसणाऱ्याला घेऊन या

टॅक्सीचं दार उघडलं आणि लेकीनं एक पाय रस्त्यावर ठेवला. दुसरा ठेवायला तिला चांगली पाच मिनिटं लागली. आईनं घाई केली नाही. मीटर पळत होता, पळू दे मेला. चौदा महिने पोरीनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आज ती जिना उतरली, टॅक्सीत बसली, इथवर आली. आता फक्त फुटपाथ आणि दुकानाच्या तीन पायऱ्या उरल्या होत्या.

एवढं सगळं एका खुर्चीपायी. आतल्या खोलीत दिवसभर गेम खेळून लेकीची कंबर धरली होती. गेमिंगची खुर्ची हवी, म्हणाली, आणि बंद दाराआडूनच तिनं ती ऑनलाइन मागवलीही. खोकं आलं तेव्हा आईनं ते खालच्या खाली परत पाठवलं आणि वर येऊन सांगितलं, “पाय मोडूनच आलीय गं.” दुसरी आली, तीही तशीच गेली. खोटं बोलली का? बोलली. आई होऊन बघा, मग नावं ठेवा.

तिसऱ्या वेळी तिनं दाराला तोंड लावून सांगितलं, “पुरे झाली ती ऑनलाइनची थेरं. बाजारात एक दुकानदार आहेत. माणसाला बसवून, माप बघूनच खुर्ची देतात. बसणारा आला नाही तर विकतच नाहीत.” आठवडाभर आतून हूं नाही की चूं नाही. मग काल दार किलकिलं झालं. “किती लांब आहे?”

आणि हे मात्र खोटं नव्हतं. दुकानात तशी पाटीच होती: बसणाऱ्याला घेऊन या. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, गुडघ्यामागे चार बोटं जागा राहिली पाहिजे, आणि पाच मिनिटं गप्प बसून बघितलं पाहिजे, असा दुकानदाराचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. नवऱ्यासाठी खुर्ची न्यायला आलेल्या बायकांना त्यानं हात हलवत परत पाठवलं होतं. आईनं त्याला फोनवर एवढंच सांगितलं होतं, “मुलीला घेऊन येते.” पुढचं सांगायची तिला लाज वाटली.

लेक पहिली पायरी चढली. कठडा दोन्ही हातांनी धरलेला, वरच्या ओठावर घाम.

दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. सकाळपासून त्याच्याकडे पाच जण येऊन बसून गेले होते. बसले, मापाच्या चिठ्ठीचा फोटो काढला, “बघून सांगतो” म्हणाले आणि गेले. बाहेर पडल्या पडल्या तीच खुर्ची मोबाइलवर मागवतात, हे त्याला पाठ झालं होतं. आता हे सहावं गिऱ्हाईक दारातच अडखळत होतं.

“मुलीला बरं नाही का ताई?”

“बरी आहे. येतेय ती. थांबा जरा, दादा.”

दुसरी पायरी. आई आत, दाराला लागून उभी होती. हात पुढे करावासा वाटत होता, तो तिनं पदराखाली घट्ट धरून ठेवला. तिला पोरीनं आपणहून आत यायला हवं होतं. एकदा परक्याच्या दारात पाऊल टाकलं की पुढचं पुढं बघू.

दुकानदार उठून दाराशी आला. त्यानं लेकीला वरपासून खालपर्यंत एकदाच न्याहाळलं.

“पाच फूट पाच. पाय लांब आहेत, म्हणजे बैठक खोल हवी. डाव्या अंगावर वाकून बसायची सवय आहे, खरं ना?”

लेकीनं मान हलवली. खरंच होतं.

“मग नको चढूस, बाळ. उन्हातान्हाचं कशाला? नजरेत माप आहे माझ्या. घरी पोचवतो.”

“पण तुमचा नियम?” आईचा आवाज चिरकला. “बसल्याशिवाय देत नाही ना तुम्ही?”

“अहो ताई, कसला नियम घेऊन बसलात! नियम पाळत राहिलो तर दुकानाला टाळं लागेल.” तो हसला. “ते ऑनलाइनवाले दारात टाकून जातात. आम्ही खोलीत नेऊन, जोडून, लावून देऊ. नाही जमली तर आमचाच माणूस येऊन बदलून देईल. तुम्हाला कुणालाच यायला नको.”

“बसू दे हो तिला. दोनच मिनिटं. पाया पडते तुमच्या.”

“काहीतरीच काय! पोरीचे हाल बघवत नाहीत.”

“आई,” लेक म्हणाली, “काका म्हणतायत ना.”

आणि ती हसली. चौदा महिन्यांनी हसली, आणि अगदी मनापासून. “थँक्यू काका,” म्हणाली आणि वळली. उतरताना तिनं कठड्याला हातही लावला नाही. टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज आला.

आईला त्या माणसाचं तोंड ओरबाडावंसं वाटलं. पण ओरबाडणार कशाबद्दल? बिचारा भल्यासाठीच बोलला होता. ज्या एका माणसाच्या हट्टावर तिची सगळी भिस्त होती, तो नेमका आजच भला झाला होता.

दुकानदारानं टेबलावरची वही ओढली. गिऱ्हाईक टिकलं म्हणून त्याचा चेहरा उजळला होता. पत्ता लिहून घेतला, मजला लिहून घेतला.

“दुपारी माणसं पाठवतो. कुठल्या खोलीत लावायची?”

“आतल्या. शेवटच्या.”

“दार अरुंद नाही ना ताई? पाठ मोठी असते या खुर्चीची. आत जाईल ना?”

“आत जाईल हो,” आई म्हणाली. “आत जायचा प्रश्नच नाही.”